बारके दाणे

३ तारीख, सोमवार

चिरंजीव गारगोटीस,

पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. चार वर्षांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस. आत्याच्या फोनवरून केला, तर आवाज ओळखून ठेवून दिलास. पत्राला निदान आवाज नसतो. फाडायचं असेल तर वाचून फाड, एवढंच.

काम तसं काही नाही. मी तीन महिन्यांनी निवृत्त होतोय. एकतीस वर्षं लोकांचे दगड कापले, घासले, काचेवर चिकटवले, आता भूशास्त्र विभागाने सांगितलंय की कपाट रिकामं करा. नवे विभागप्रमुख माणूस बरा आहे, पण त्यांना रिकामी कपाटं बघायची फार हौस. माझ्या कपाटात काय आहे ते तुला माहीत आहे. ज्या ज्या ठोकळ्यातून मी मायक्रोस्कोपसाठी पातळ काप काढला, त्याचा उरलेला अर्धा मी कधी टाकला नाही. नंबर रंगवून खणात ठेवला. लोक हसायचे. तू तर म्हणायचीस, बाबा दगडांची नखं जपून ठेवतात. आवरताना तुझे बारा ठोकळे हाताला लागले, तुझ्या पीएचडीचे. पांढऱ्या रंगात नंबर, एक ते बारा, माझंच अक्षर.

त्याच संध्याकाळी आत्या आली आणि तिने सांगितलं की अठ्ठावीस तारखेला तुझं मोठं भाषण आहे, बाहेरून लोक येणार आहेत आणि त्यावरच तुझी कायमची नेमणूक ठरणार. विषय तोच, खडकातले मोठे दाणे बारक्या दाण्यांना कसे संपवतात. आत्या म्हणाली, पोरीने घरचाच विषय घेतलाय. मला आनंद झाला. खरंच झाला. नंतर दोन दिवस मी धड जेवलो नाही, पण त्याचा याच्याशी संबंध नाही, पोट बिघडलं होतं.

एक विचारायचं होतं. नऊ ते बारा नंबरच्या काचा तुझ्याकडे अजून आहेत का? सहज विचारतोय. भाषणात त्यांचे फोटो दाखवणार आहेस का? आणि हे भाषण अठ्ठावीसलाच व्हायला हवं का? अशा गोष्टी पुढे ढकलता येतात की नाही, मला कल्पना नाही.

आईच्या बाबतीत मला पुन्हा वाद नको. तुला कळवू नका, हा तिचाच हट्ट होता, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. असो.

तिकडे थंडी असेल. कान झाकत जा.

बाबा


७ तारीख, शुक्रवार

गारगोटी,

माझं पहिलं पत्र अजून तुझ्यापर्यंत पोचलंही नसेल, हे मला कळतं. तरी टपाल यायच्या वेळेला दोनदा खाली जाऊन आलो. वरच्या मजल्यावरच्या बाई विचारत होत्या, काही यायचंय का? मी म्हणालो, छे, पाय मोकळे करतोय.

नऊ नंबरचा उरलेला अर्धा कापायला घेतलाय. उगीचच. जाण्याआधी हात चालतोय का बघावं म्हणून. प्रमुखांनी विचारलं की हे कुणाचं काम, तर मी म्हणालो माझंच, आणि ते माझ्याकडे बघत राहिले. एकतीस वर्षांत माझं असं काम कुणी पाहिलं नसणार.

तू शिकायला गेल्यावर पहिल्यांदा सुट्टीला आलीस, तेव्हाची दुपार आठवते का? आई भांडी घासत होती, मी चहा घेऊन बसलो होतो. तिने तुला विचारलं, तू तिकडे नेमकं करतेस तरी काय? तू सरळ फेस उचललास, काचेच्या बरणीत भरलास आणि म्हणालीस, बघत बसा. आम्ही दोघं येड्यासारखे बघत बसलो. हळूहळू बारके बुडबुडे नाहीसे झाले आणि मोठे आणखी मोठे झाले. कुणी हात लावला नाही, आपले आपण. तू म्हणालीस, जमिनीच्या पोटात खडकाचंही असंच होतं. तो वितळत नाही, नुसता तापत राहतो, लाखो वर्षं. त्यात गार्नेट या गुलाबी खनिजाचे दाणे तयार होतात, लहान-मोठे. पण बारक्या दाण्याला अंगाच्या मानाने कातडीच फार, टिकून राहणं त्याला परवडत नाही. त्याचं द्रव्य कणाकणाने सुटतं आणि जवळच्या मोठ्या दाण्यावर जाऊन बसतं. ताप जितका जास्त आणि वेळ जितका जास्त, तितके दाणे थोडे आणि मोठे. म्हणून नुसता पोत बघून खडकावर काय काय गुदरलं ते सांगता येतं, असं तू म्हणत होतीस.

आई साबणाचे हात तसेच धरून बरणीकडे बघत होती. मग म्हणाली, "यात नवीन काय गं? मी चार जावांत धाकटी होते."

तू हसून हसून खाली बसलीस. मीही हसलो, पण माझ्या भाऊ-वहिनींचा विषय असल्यामुळे जरा बेतानेच.

नंतर तू ते बारा खडक आणलेस, एकाच डोंगराच्या अंगावरून ओळीने उचललेले. एक नंबर सगळ्यांत कमी तापलेला, बारा सगळ्यांत जास्त. एक ते आठमध्ये बारके दाणे भरपूर आणि नऊपासून पुढे एकदम गायब. तुझ्या सरांनी ते आकडे बघून टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, हे आजवर कुणी इतकं स्वच्छ दाखवलेलं नाही. हे सगळं मला आत्याकडून कळलं. तोवर तू माझ्याशी बोलणं सोडलं होतंस.

नऊ नंबर आज रेझिनमध्ये बुडवून ठेवलाय. खडक भुसभुशीत आहे, अभ्रक फार. असल्या खडकाला आधी रेझिन पाजायचं, दिवसभर मुरून दगडासारखं घट्ट होऊ द्यायचं, मगच घासायला घ्यायचं. हे मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो. उद्या शनिवार, विभाग बंद. रविवारही बंद. दोन दिवस घरात बसून काय करायचं, मला सुचत नाहीये.

बाबा


११ तारीख, मंगळवार

बारके दाणे आहेत.

नऊ नंबरमध्ये आहेत, गारगोटी. ढीगभर आहेत. काल दुपारी काप पुरता पातळ झाला, मायक्रोस्कोपखाली सरकवला आणि ते तिथे बसले होते, फिक्कट गुलाबी, अभ्रकाच्या पापुद्र्यांत, एकाला लागून एक. मी लहान-मोठे सगळे दाणे मोजायला लागलो. दोनशे चौदा. चष्मा पुसून पुन्हा मोजले, दोनशे अकरा. तुझ्या प्रबंधात नऊ नंबरला एकतीस लिहिलेत. प्रबंधाची प्रत आत्याने मला आणून दिली होती. मी वाचतो ती. समजत नाही तिथेही वाचतो.

आता सांगतो. पहिल्याच पत्रात सांगायचं होतं, धीर झाला नाही.

नऊ, दहा, अकरा आणि बारा हे चार खडक मी रेझिन न लावता घासले होते. भुसभुशीत खडक तसाच फिरत्या चकतीवर धरला की अभ्रक सुटतं आणि त्यात अडकलेले बारके दाणे निघून जातात. मोठे रुतलेले असतात, ते राहतात. दाणा गेला तिथे भोक पडतं, भोकात चिकटवायचा डिंक भरतो, वरून दुसरी काच बसली की झालं. तू म्हणालीस बारक्यांना मोठ्यांनी खाल्लं. त्यांना मोठ्यांनी खाल्लं नाही. घासायच्या पुडीबरोबर आणि पाण्याबरोबर ते माझ्या मोरीतून वाहून गेले.

तेव्हा घाई होती. यंत्र बिघडलं होतं, दुरुस्तीत दोन दिवस गेले आणि तुझी तारीख जवळ आली होती. कामात असं होतं.

मला हे आधी माहीत होतं का, हे तू विचारशीलच. रेझिन लावलं नाही हे माहीत होतं. त्याने एवढा फरक पडला असेल, हे मी बघितलं नाही. उरलेले अर्धे चार वर्षं माझ्या पाठीमागच्या खणात होते. खुर्ची वळवली असती तर हाताला लागले असते. मी खुर्ची वळवली नाही.

भाषण पुढे ढकल. ढकलता येत नसेल, तर माझं नाव सांग. काप करणाऱ्या माणसाने घोळ घातला म्हण. ते खरंच आहे आणि मला आता कुणी कामावरून काढणार नाही. पण चुकीचे आकडे घेऊन तू त्या लोकांसमोर उभी राहू नकोस. त्यांच्यातला कुणीतरी उद्या तोच डोंगर चढेल, तोच खडक आणेल, नीट घासेल आणि तुला खोटं पाडेल. त्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

हे पत्र कुरियरने पाठवतोय. दहा आणि अकरा आज रेझिनमध्ये टाकले. तू काय करशील या विचाराने माझं कशात लक्ष नाही. आज सकाळी दाढी अर्धीच करून विभागात गेलो होतो. दुपारी प्रमुखांनी सांगितलं.

बाबा


१४ तारीख, शुक्रवार

गारगोटी,

दहामध्ये एकशे नव्वद. अकरामध्ये एकशे त्रेसष्ट. तुझ्याकडे अठ्ठावीस आणि तेहतीस आहेत.

काल आत्या आली होती. तुझा फोन झाला म्हणाली. माझी दोन पाकिटं तुझ्या टेबलावर पडलीत, उघडलेली नाहीत, असं तू तिला सांगितलंस म्हणे. मी तिला म्हणालो, तिला सांग की उघड, महत्त्वाचं आहे. ती म्हणाली, काय महत्त्वाचं ते मला सांग, मी तिच्या कानावर घालते. मला ते तिच्या तोंडून तुला कळायला नको होतं. मग ती चिडली. म्हणाली, तू जन्मभर हेच केलंस, कुणाला काय कळवायचं आणि काय नाही ते एकटाच ठरवत आलास. चहा न घेता गेली. तुला ठाऊक आहे, आत्या चहा टाकून जाणाऱ्यांतली नाही.

म्हणून आता उरलेलं लिहून टाकतो. यंत्र बिघडलं नव्हतं.

त्या गुरुवारी सकाळी तुझ्या आईला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आजार पुढे गेलाय, पण दोन-तीन महिने हातात आहेत. तुला प्रबंध महिनाअखेर द्यायचा होता आणि शेवटच्या चार काचांसाठी तू अडून बसली होतीस. मी मनाशी ठरवलं, आधी काचा पाठवायच्या. तू प्रबंध देशील, मग तुला कळवायचं, मग तू येशील आणि दोन महिने आईजवळ राहशील. मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. दुपारी आईचा डोळा लागला की मी विभागात यायचो, दोन तास घासायचो आणि परत जायचो. रेझिन मुरायला पूर्ण दिवस लागतो. तो दिवस मी वाचवला. शनिवारी काचा कुरियरला दिल्या आणि मला इतकं हलकं वाटलं की दवाखान्याच्या दारात मी नर्सशी थट्टामस्करी केली.

बुधवारी दुपारी तुझा फोन आला. मी दवाखान्याच्या जिन्यात होतो. तू विचारलंस, "बाबा, या चार काचांना भोकं फार आहेत. घासताना काही सुटलं का?"

मी म्हणालो, "खडकच कुजका आहे. भोकं त्याचीच."

मग तू म्हणालीस, "बरं. आईला द्या ना."

मी म्हणालो, "झोपलीये."

एवढंच बोलणं झालं. गुरुवारी सकाळी ती गेली. दोन-तीन महिन्यांचे आठ दिवस झाले.

तू आलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. आपल्या शेजारी राहणाऱ्या नर्सबाईंनी तुला इमारतीच्या जिन्यातच सांगितलं होतं की ती आठवडाभर दवाखान्यात होती. तू पिशवी खाली न ठेवता दारात उभी राहून विचारलंस, बुधवारी ती खरंच झोपली होती का? मी हो म्हणालो. ती जागी होती. उशीला टेकून बसली होती आणि दाराकडे बघत होती.

तेव्हाच हे सांगितलं असतं तर तुला भोकांबद्दलही सांगावं लागलं असतं. एक धागा ओढला की दुसरा सुटणार होता. म्हणून मी दोन्ही धरून ठेवले आणि तू मला सोडून दिलंस. मला तुझा राग कधीच आला नाही, स्वतःचा इतका आला की कुणाशी धड बोलावंसं वाटेना.

बारा नंबर सोमवारी घासतो. आतापर्यंत तिन्ही खडकांनी तुझ्या विरुद्ध साक्ष दिलीये. बाराव्यानेही दिली तर तुझ्या भाषणात काही उरत नाही. हे मला रात्रंदिवस खातंय.

बाबा


१८ तारीख, मंगळवार

गारगोटी,

सोबत पार्सल आहे. चार नव्या काचा, कापसात गुंडाळलेल्या. आणि ठोकळ्यांचे उरलेले तुकडे, म्हणजे कुणालाही पुन्हा घासून बघता येतील. माझा खण रिकामा झाला. प्रमुख खूश आहेत.

पार्सलवर मी मोठ्या अक्षरांत 'खडक' असं लिहिलंय. पत्र नको असेल तर निदान खडक उघडशील.

आता बारा नंबरचं ऐक. मी त्याला दोन दिवस रेझिनमध्ये ठेवलं, एकाऐवजी दोन. शेवटचा भाग यंत्रावर केलाच नाही, काचेच्या तक्त्यावर सगळ्यांत बारीक पूड घेऊन हाताने घासला, दर पंधरा मिनिटांनी उचलून बघत, पुन्हा घासत. एकही भोक नाही. असला काप मी आयुष्यात दहा-बारा केले असतील. आणि त्यात बारके दाणे नाहीत.

सगळे मिळून सत्तावीस, सगळे मोठे. तू एकोणतीस मोजले होतेस. मी तीनदा मोजले. माझा भरवसा नाही म्हणून शेजारच्या खोलीतल्या नकाशे काढणाऱ्या बाईंना बोलावून मोजायला लावले, कुणाचं काय ते न सांगता. त्यांनीही सत्तावीस सांगितले. मोठ्या दाण्यांचं पोट कचऱ्याने भरलेलं आहे, काळपट. पण कडेने सगळीकडून एक स्वच्छ पट्टा चढलाय, नवा, गुलाबी. बारक्यांचं द्रव्य येऊन बसलं असेल तर ते तिथेच बसलं असणार. हे माझं मत झालं, खरं-खोटं तू ठरव. पण तू त्या दिवशी बरणीत दाखवलंस ते मला खडकात पहिल्यांदाच दिसलं. एकतीस वर्षं मी काप करून दुसऱ्यांच्या हातात देत आलो. मायक्रोस्कोपखाली बघायचो ते जाडी बरोबर झाली की नाही एवढंच. खुर्ची ओढून बसून असं कधी बघितलंच नव्हतं.

म्हणजे तू म्हणतेस ते होतं, पण नऊपासून होत नाही. अगदी टोकाला होतं. तीन खडक माझ्यामुळे खोटे आणि एक खरा, असं झालं.

आणखी एक कबूल करून टाकतो. बारा नंबर मी या खेपेला सगळ्यांत आधी घासला असता, तर बाकीच्यांना हात लावला नसता. पोरीचं बरोबर आहे म्हणून खण बंद केला असता आणि सुखाने निवृत्त झालो असतो.

आत्याला मी परवा सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि या खेपेला चहा घेतला. तुला फोन करते म्हणाली, फक्त पार्सल उघड एवढंच सांगते, बाकी तुझं तू बघ.

दहा दिवस उरलेत. काय करशील ते तू कर. मला कळवलं नाहीस तरी चालेल. चालणार नाही, पण तसं लिहितात.

बाबा


२९ तारीख, शनिवार

बाबा,

भाषण काल झालं. पुढे ढकलता आलं नसतं आणि मी विचारलंही नाही.

पत्रं मी गेल्या शनिवारपर्यंत उघडली नव्हती. आत्याच्या फोननंतर पार्सल उघडलं, काचा बघितल्या, मग पत्रं वाचली. काचा बघितल्यावर पत्रं वाचायची गरज नव्हती, तरी वाचली. चौदा तारखेचं दोनदा वाचलं. त्या रात्री तुमचा इतका राग आला की एक काच फेकून द्यायला हातात घेतली होती. बारा नंबर होती म्हणून ठेवली.

काल मी दहा नंबरच्या दोन्ही काचा पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या, जुनी आणि नवी. मी म्हणाले, माझे चार वर्षांपूर्वीचे आकडे चूक आहेत, बारके दाणे खडकातून नाही, घासताना गेले. एका म्हाताऱ्या बाईंनी, ज्यांची मला सगळ्यांत जास्त धास्ती होती, विचारलं की या दोन काचा कुणी केल्या. मी म्हणाले, माझ्या वडिलांनी. दोन्ही.

नंतर बारा नंबर दाखवली. त्या बाई उठून पडद्याजवळ गेल्या आणि कडेच्या पट्ट्याकडे बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, एका खडकावर काही सिद्ध होत नाही, पण विचारण्यासारखं पुष्कळ निघतं. नेमणुकीचं पुढच्या महिन्यात कळेल. मिळेल असं वाटत नाही. त्या आकड्यांवर छापलेला जुना लेख मी मागे घेतलाय.

भोकं मलाही दिसली होती. तुम्हाला एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण तुमचं उत्तर मला सोयीचं होतं. तेवढा दोष माझा. बाकीचा तुमचा आणि तो मी इतक्यात विसरणार नाही.

एक हवंय. आईच्या त्या आठ दिवसांतलं मोठं मोठं मला माहीत आहे. दवाखाना, डॉक्टर, गुरुवार. बाकीचं काहीच माहीत नाही. ती काय बोलली, काय खाल्लं, कुणावर चिडली. ते लिहा. कळवू नका हा तिचा हट्ट होता म्हणता, तर नेमकं काय म्हणाली होती तेही लिहा. घाई करू नका आणि काही गाळू नका.

गारगोटी


८ तारीख, सोमवार

गारगोटी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी खालीच उभा होतो. तीन दिवस लिहितोय. चार कागद फाडले.

गुरुवारी निघताना ती एका पायात स्वतःची आणि एका पायात माझी चप्पल घालून निघाली. दवाखान्यात पोचल्यावर तिच्याच लक्षात आलं. म्हणाली, आता परत जाईपर्यंत तुम्हीही अशीच जोडी घाला. मी घरी जाऊन तिची दुसरी आणून दिली, तर म्हणाली, गंमतही कळत नाही.

शुक्रवारी तिला भिंतीकडची खाट मिळाली होती. तिने नर्सकडून ती फिरवून घेतली, दार दिसेल अशी. शेजारच्या खाटेवरच्या आजींशी तिचं भांडण झालं, पंख्यावरून. शनिवारी त्याच आजींना ती स्वतःच्या ताटातलं केळं देत होती. शनिवारी मी जरा उशिरा आलो तेव्हा तिने विचारलं, कुठे होतात? मी सांगितलं की तुझ्या शेवटच्या काचा पाठवून आलो. ती म्हणाली, "नीट केल्यात ना? पोरीचं काम आहे." मी म्हणालो, एकदम नीट.

रविवारी तिला बरं वाटत होतं. उसवलेली उशीची खोळ तिने शिवून टाकली, दवाखान्याची. सोमवारी तिला वास सहन होत नव्हता, काहीच खाल्लं नाही, माझ्यावर चिडली, कारण मी तिच्यासमोर बिस्किट खात होतो. मंगळवारी तिने तुझ्या बरणीची आठवण काढली. ती बरणी अजून फळीवर आहे का, धुऊन ठेवा, म्हणाली. मी धुतली नाही. ती तशीच आहे, तळाला साबणाचा पांढरा डाग आहे.

आता हट्टाचं. असा हट्ट तिने कधीच केला नव्हता. कळवू नका असं ती एकदाही म्हणाली नाही. ते मी नंतर रचलं, तू दारात उभी होतीस तेव्हा, आणि इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. ती रोज विचारायची, तिला कळवलंत का? मी रोज म्हणायचो, सांगतो, तिचं काम संपू दे.

बुधवारी तुझा फोन ठेवून मी जिन्यातून वर आलो. तिने विचारलं, कुणाचा होता? मी म्हणालो, तिचाच. ती म्हणाली, कळवलंत ना आता? आणि मी हो म्हणालो. म्हणालो, निघालीये.

ती उठून बसली. म्हणाली, अशा अवतारात बघितलं तर पोरगी घाबरेल, माझे केस विंचरा. मी आयुष्यात कधी वेणी घातली नव्हती. तिने बटा कशा धरायच्या ते सांगितलं आणि मी घातली. वाकडी झाली. तिने हात मागे नेऊन चाचपली आणि म्हणाली, चालेल. मग उशीला टेकून दाराकडे बघत बसली. संध्याकाळपर्यंत बसून होती. मी दोनदा म्हणालो, आडवी हो. नाही झाली.

संध्याकाळी थकली तेव्हा म्हणाली, "लांबून येतेय, दमलेली असेल. उशीर झाला म्हणून तिला बोलू नका."

तुला उशीर झाला नव्हता, गारगोटी. मी तुला बोलावलंच नव्हतं.

बाबा